सातबाऱ्यावर नाव नाही, मग योजना कोणासाठी?

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शेतीच्या सरकारी योजनांची माहिती देणारा मेळावा होता. निमंत्रण महिला गटांना होते, त्यामुळे मांडव बायकांनी भरलेला. कोणी द्राक्षबागेतले शेंडे खुडायचे काम अर्ध्यावर टाकून आलेली, कोणी दिवसाचा रोज बुडवून. साहेबांनी तासभर चांगली माहिती दिली. ठिबक, कांदाचाळ, अवजारे, पीकविमा, सगळे सांगितले. शेवटी म्हणाले, "अर्ज करायला येताना सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन या."

मागच्या रांगेतून एक बाई उठली. "साहेब, सातबारा मालकाच्या नावावर आहे."

"मग मालकांना पाठवून द्या, ताई."

मांडवात थोडी खसखस पिकली. बाई उभीच होती. "ते वारले. तीन वर्षं झाली."

हसणे तिथेच थांबले. साहेबांनाही काय बोलावे ते सुचेना. "तलाठ्यांना भेटा" एवढे सांगून त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

नवऱ्याला 'मालक' म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. माणूस गेला, तेरावे झाले, वर्षश्राद्धही झाले, तरी कागदावर मालक तोच. आणि तीन वर्षे ती जमीन कसणारी, रोप टाकणारी, कांदा काटून चाळीत भरणारी, सोसायटीच्या कर्जाचा तगादा ऐकून घेणारी बाई त्या कागदावर कोणीच नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. आपण महिला संघटनांनी योजनांच्या माहितीची शिबिरे खूप घेतली. पत्रके वाटली, अर्ज भरून दिले. पण योजना शोधण्याच्या आधी बाईने त्या कागदात स्वतःला शोधायला हवे, हे काम आपण मागे ठेवले. सातबारा हा पुरुषांचा, महसूल खात्याचा विषय असे आपणही नकळत मानून बसलो. हे आता बदलायला हवे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

दारे पुष्कळ, किल्ली एक

योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीतून वर्षाला ६ हजार रुपये तीन हप्त्यांत मिळतात. २०२३ साली राज्य सरकारने 'नमो शेतकरी' म्हणून आणखी ६ हजारांची भर घातली. ठिबकसाठी केंद्र आणि राज्य यांचे मिळून अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. यांत्रिकीकरणाच्या योजनेत तर महिला शेतकऱ्याला मुद्दाम झुकते माप दिले आहे. इतरांना ४० टक्के, तर महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि अल्पभूधारकांना ५० टक्के. अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर करायचा, त्याचे शुल्क २३ रुपये ६० पैसे.

ऐकायला छान वाटते. पण यातल्या प्रत्येक दाराला कुलूप तेच आणि किल्लीही तीच, सातबारा. किसान सन्मान निधी जमीनधारक कुटुंबाला मिळतो आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. एका कुटुंबाला एकच लाभ, आणि तो ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यात. पीकविमा खरीप २०२३ पासून एका रुपयात होता. खरीप २०२५ पासून ती सवलत गेली आणि हप्ता पुन्हा शेतकऱ्याच्या माथी आला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला विमा उतरवायचा तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. अर्ध्या वाट्याने किंवा खंडाने रान करणाऱ्या किती बायकांकडे असा करार असतो? आपल्याकडे वाटा ठरतो तो बांधावर, तोंडी.

आता तर कुलूप आणखी पक्के झाले आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. हा क्रमांक आधार आणि जमिनीची नोंद जोडून तयार होतो. म्हणजे जिच्या नावावर जमीन नाही, ती सरकारच्या लेखी शेतकरीच नाही. पूर्वी निदान एखादा कृषी सहायक ओळखीने "बाई शेती करते" एवढे मानायचा. यंत्र ते मानत नाही.

यात एक बारकावा आहे, तो बायकांनाच कळेल. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते आणि पुष्कळ घरी नावही बदलते. माहेरच्या सातबाऱ्यावर वडिलांमागे बहिणींची नावे लागली तरी ती माहेरची. आधार कार्डावर नाव सासरचे. दोन्ही जुळत नाहीत म्हणून अर्ज अडतो. पुरुषाला जन्मभर ही अडचण येत नाही. तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला आणि नावातल्या बदलाचे प्रतिज्ञापत्र ही आपल्यासाठी शेतीचीच कागदपत्रे आहेत, लग्नाच्या अल्बमात ठेवायची नाहीत.

दुसरे उदाहरण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेचे. शेतात वीज पडून, साप चावून, विजेचा धक्का लागून मृत्यू आला तर २ लाख रुपये मिळतात. या योजनेत खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एका माणसाला संरक्षण आहे, त्याचे नाव सातबाऱ्यावर नसले तरी. पाऊल चांगलेच आहे. पण तो माणूस कोण असू शकतो? आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी. या यादीत सून नाही. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर गवतात हात घालून कापणी करणारी सून साप चावून मेली तरी योजनेच्या हिशेबात बसत नाही. नियम लिहिणाऱ्याने कोणाचे वाईट चिंतले असेल असे नाही. त्याच्या डोळ्यांसमोर शेतात राबणारी सून आलीच नाही, एवढेच.

देशभरातली स्थिती पाहायची तर २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिवाटदार शेतकऱ्यांमध्ये बायका सुमारे १४ टक्के होत्या. निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला कुठल्याही रस्त्याने सकाळी दहाला जा आणि रानात वाकलेल्या पाठी मोजा. कागद आणि रान यांचा मेळ बसत नाही.

ही लढाई याच जिल्ह्याची

हा प्रश्न नव्याने कोणाच्या डोक्यात आलेला नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन झाले. डोंगराच्या पायथ्याशी बायकांचा समुद्र लोटला होता. शरद जोशींच्या राजकारणाशी आणि अर्थकारणाशी आपल्यातल्या अनेकींचे मतभेद होते आणि आहेत. पण शेतकरी बाई हा शब्द तिथे मोठ्याने उच्चारला गेला. पुढे त्यातूनच 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम निघाली. नवऱ्याने स्वखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, असे आवाहन होते. गावेच्या गावे पुढे आली. १९९२ साली महसूल विभागाने परिपत्रक काढून, नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावायची वाट खुली केली.

पाठोपाठ १९९४ साली महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. आधी लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या. २००५ साली केंद्राने देशभर बदल केला. वडील २००५ मध्ये हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

म्हणजे परिपत्रक आहे, कायदा आहे, निकाल आहे. मग नाव का लागत नाही?

कारण कायदा आणि सातबारा यांच्या मधे घर उभे आहे. वडील गेल्यावर दहाव्या-बाराव्यालाच भाऊ कागद पुढे करतात. "सही कर, हक्कसोड आहे. तुला काय कमी आहे?" बहीण सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. दिवाळीची साडी आणि बाळंतपणाचे चार दिवस यांची ती किंमत असते. जी सही करत नाही तिच्यासाठी माहेरचे दार बंद होते. सासरी सासरा किंवा दीर 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून कागदावर बसलेला असतो, त्यात नवऱ्याचेच नाव नसते तर तिचे कुठून येणार? आणि कुठे बाईचे नाव लागलेच तर कधी कधी ते भोगवटादाराच्या रकान्यात न लागता 'इतर हक्क' या रकान्यात जाऊन पडते. नाव दिसते, बाई सुखावते. पण योजनेचा अर्ज करायला गेली की कळते, त्या रकान्यातले नाव म्हणजे जमीनधारक नव्हे.

ज्यांच्याकडे जमीनच नाही

इथे थांबून स्वतःलाच विचारायला हवे की सातबारा सातबारा करताना आपण कोणाला मागे टाकतो आहोत? सातबाऱ्याची किल्ली ही शेवटी जमीनवाल्या घरातल्या बाईची. मजूर बाईचे काय, दलित वस्तीतल्या बाईचे काय, परित्यक्तेचे काय?

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागातली आदिवासी बाई पिढ्यान् पिढ्या वनजमीन कसते आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की लग्न झालेल्या जोडप्याला पट्टा दोघांच्या नावे द्यायचा. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा १२ तारखेला मुंबईत पोचला, तेव्हा त्या सोललेल्या, रक्ताळलेल्या पायांमध्ये बायकांचे पाय किती होते ते सगळ्या देशाने पाहिले. वनपट्टा मिळाला की त्या कुटुंबाला किसान सन्मान निधीसारख्या योजनाही लागू होतात. म्हणून पट्ट्यावर दोघांची नावे आहेत की नाहीत, हे आपण गावोगाव तपासायला हवे. हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, तिथे रूढीचे नाव सांगून बाईला वाटा नाकारला जातो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात सांगितले की बाईला वाटा न देणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर केवळ बाई म्हणून तिला डावलता येणार नाही. हा निकाल सुरगाण्याच्या पाड्यावर कोण पोचवणार? आपणच.

दलित भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दादासाहेब नाशिकचेच, भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेते. योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन द्यायची आहे. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे आणि विधवा व परित्यक्ता यांना प्राधान्य आहे. अर्ज समाजकल्याण खात्याच्या सहायक आयुक्तांकडे. अडचण जमिनीच्या दराची. २०१८ च्या निर्णयात जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख अशी मर्यादा घातली. त्या भावात द्राक्षाच्या पट्ट्यात जमीन विकायला कोण येणार? दर वाढवून मागणे आणि गायरान, पडीक सरकारी जमीन यांचा प्रश्न पुन्हा उचलणे, ही मागणी दलित संघटनांबरोबर आपलीही असली पाहिजे.

परित्यक्तेची कहाणी तर आणखी वेगळी. १९८८ साली शेजारच्या संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हापासून हा प्रश्न आपल्यासमोर आहे. नवरा जिवंत आहे, म्हणून वारसा नाही. माहेरी हक्कसोड केलेली, म्हणून तिथे वाटा नाही. दोन्ही सातबाऱ्यांच्या मधल्या बांधावर ती उभी असते.

म्हणून किल्ली मागतानाच कुलूप बदलायची मागणीही हवी. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या कामावरून केली आहे, मालकीवरून नव्हे. त्यात कूळ, वाटेकरी, शेतमजूर सगळे येतात. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी २०११ चे महिला शेतकरी हक्क विधेयक राज्यसभेत मांडले होते. त्यात ग्रामसभेच्या मान्यतेने महिलेला शेतकरी असल्याचा दाखला द्यायची कल्पना होती. खासगी विधेयक होते, संमत न होताच बाजूला पडले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. हारतुरे आणि भाषणे त्या निमित्ताने होतीलच. आपण मात्र एकच विचारावे, तो दाखला कधी देणार?

दोन आक्षेप

बैठकांमध्ये दोन आक्षेप नेहमी येतात. ते खोटे नाहीत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवे.

पहिला असा की जमीन बाईच्या नावावर झाली तर कर्जही तिच्या नावावर येईल. खरे आहे, येऊ शकते. पण नाव नसताना ती कर्जातून सुटते का? नवऱ्याने फास घेतला की सावकार आणि सोसायटीवाले कोणाच्या दारात येतात? कर्ज तिच्या वाट्याला आहेच, जमीन तेवढी नाही. फरक एवढाच की नाव असेल तर तिच्या सहीशिवाय ती जमीन विकता किंवा गहाण टाकता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. अनुदान ५० टक्के मिळते म्हणून पुष्कळ पुरुष आता आपणहून बायकोचे नाव लावतात. अर्ज तिच्या नावे, यंत्र तिच्या नावे, बँकेचे खातेही तिच्या नावे. पण अर्जावरचा मोबाइल नंबर मुलाचा. पैसे आल्याचा निरोप त्याला येतो, सांकेतिक क्रमांक त्याच्याकडे जातो, बाई फक्त अंगठा देते. सरपंचबाईच्या खुर्चीवर सरपंचपती बसतो, तसाच हा प्रकार. म्हणून नाव लागले की काम संपले असे नाही. आधारला जोडलेला नंबर तिचाच असणे, पासबुक तिच्याच ट्रंकेत असणे, अनुदानाचा हिशेब तिला विचारता येणे, हे सगळे त्याच लढाईत येते. तरीही कागदी नाव अजिबात नसण्यापेक्षा बरे. ज्या बाईचे नाव कागदावर आहे तिला उद्या जाग आली तर उभे राहायला जागा असते.

गटाने काय करावे

मैत्रिणींनो, बचत गटांनी आपल्याला पैशाचा हिशेब शिकवला. आता त्याच गटात जमिनीचा हिशेब सुरू करू या. प्रत्येक सभासदाच्या घरचा सातबारा गटात वाचायचा. भोगवटादार कोण, इतर हक्कात कोण, मेलेल्या कोणाचे नाव अजून आहे, बोजा किती, पीकपाहणीत काय लिहिले आहे, हे एकमेकींना वाचून दाखवायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही चार बैठकांत रकाने ओळखू येतात, हा अनुभव आहे.

वारसनोंद राहिलेल्या बायकांचे अर्ज एकत्र करायचे. काम अवघड नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यावा असा कायदा आहे, उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. फेरफाराची नोंद होते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू कायद्यानुसार बायको, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना सारखा वाटा. अर्ज दिला की पोच घ्यायची, पोच न घेता घरी यायचे नाही. २०२५ साली राज्य सरकारने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला घेतली होती. आपल्या गावात त्यात काय झाले आणि वारसांच्या यादीत बायका-मुली आल्या की नुसते मुलगे, हे ग्रामसभेत विचारायचे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, तिचा उपयोग करायचा.

नवरा राजी असेल तर 'लक्ष्मी मुक्ती'चे परिपत्रक दाखवून अर्ज करायचा. त्यापेक्षा भक्कम हवे असेल तर बक्षीसपत्र करावे. पती पत्नीला किंवा आई-वडील मुलामुलींना शेतजमीन बक्षीस देणार असतील तर २०१५ पासून मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. सहहिस्सेदारांना तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वाटप मागता येते. एक इशारा मात्र द्यायला हवा. किसान सन्मान निधीसाठी जमिनीची नोंद १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीची लागते, नंतरची फक्त वारसाने आलेली चालते. तेव्हा बक्षीसपत्र केल्यावर तो हप्ता मिळेल अशी आशा कोणाला दाखवू नये.

हक्कसोडीचा कागद पुढे आला तर वाचल्याशिवाय आणि गटात विचारल्याशिवाय सही नाही, एवढा नियम प्रत्येक गटाने करावा. भांडण कोर्टात गेलेच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. हे नाशिकच्या जिल्हा न्यायालयात होते आणि फारच थोड्या बायकांना ठाऊक आहे.

आणि जी दारे सातबाऱ्याशिवाय उघडतात ती आधी वापरू या. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे आणि मालेगावचे अशी दोन कृषी विज्ञान केंद्रे जिल्ह्यात आहेत, तिथल्या प्रशिक्षणाला बसायला मालकीचा कागद लागत नाही. निफाडला गव्हाचे, पिंपळगाव बसवंतला कांदा-द्राक्षाचे, इगतपुरीला भाताचे संशोधन केंद्र आहे. 'आत्मा' या विस्तार योजनेतला किमान ३० टक्के निधी महिला शेतकऱ्यांसाठी ठेवायचा नियम आहे. तो गेल्या वर्षी कुठे खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येते. पिकावर रोग पडला तर १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर मराठीत सल्ला मिळतो, फोनला पैसे पडत नाहीत. तिथे फोन करायला नवऱ्याची परवानगीही लागत नाही!

त्या मेळाव्यातल्या बाईचे काय झाले, असे कोणी विचारील. आम्ही चौघीजणी तिच्याबरोबर गेलो. दोनदा परत पाठवले, तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. दिराने हरकत घेतली, ती सुनावणीत टिकली नाही. फेरफार मंजूर झाला आणि तिचे, दोन मुलांचे आणि सासूचे नाव लागले. लग्न झालेल्या मुलीचे नाव लावायचे की नाही यावर मात्र घरात वाद झाला. तिचे म्हणणे, "पोरीला कशाला? तिचे तिकडे आहे की." ज्या बाईला तीन वर्षे कागदाने बाहेर ठेवले, तीच आता आपल्या लेकीला बाहेर ठेवायला निघाली होती. आम्ही तिच्याशी भांडलो नाही. तिच्यासमोर तिचाच सातबारा ठेवला आणि विचारले, "तुमच्या माहेरच्यांनीही असेच म्हटले होते ना?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लिवा तिचं पण."

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा घेऊन यावा. सासरचा आणि माहेरचाही.